अव्वाच्या कट्ट्याला लागलेली अमेरिकन गाडी

"अक्का, कुठली गाडी घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "तुझी गल्ली कुठली?" लोकांना वाटतं, बाई टाळायला बघतेय. तसं नाही. गाडीची चर्चा आपल्याकडे इंजिन, मायलेज, रंग आणि मेव्हण्यानं कुठली घेतली यावर चालते. ती घरापर्यंत जाईल कशी, हे नवी गाडी हार घालून गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली की आठवतं. मग माझ्याकडे येतात. हुबळीत गाडी शिकवण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, आणि त्यातला निम्मा वेळ मी लोकांना गाडी नव्हे, त्यांचीच गल्ली शिकवली.

माझं माहेर धारवाडचं. वडील शाळामास्तर. घरात एक सायकल होती, तीही वडिलांपेक्षा थोरली वाटावी अशी. लग्न होऊन हुबळीला आले ती थेट ड्रायव्हिंग स्कूलमध्येच. शाळा यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. बायकांना शिकायचं असे, पण परक्या पुरुषाशेजारी गाडीत बसवायला घरचे तयार नसत. मग यांनी आधी मला शिकवलं आणि बायकांचा वर्ग माझ्याकडे आला. पुढे पुरुषही यायला लागले. पहिल्या दिवशी काहींचा चेहरा आंबट व्हायचा. मी म्हणायची, "घाबरू नका, तुमच्याकडे आहे तसा ब्रेक माझ्याही पायाखाली आहे." शिकवायच्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोन्ही बाजूंना असतात. शिकणारा चुकला की शिकवणारा दाबतो. पण त्याला कळू न देता दाबायचं, यात खरं कसब. आपणच वेळेवर थांबलो असं त्याला वाटलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो येत नाही.

हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. आता शाळा सून बघते. मी फक्त अवघड विद्यार्थी असला की जाते, म्हणजे जवळजवळ रोजच.

आमच्या शाळेची एक रीत आहे, ती मी पाडली. गाडी जरा हातात आली की आम्ही आधी रिव्हर्स शिकवतो, मग पुढचे गिअर. बाहेरचे हसतात. पण जुन्या हुबळीत गाडी वळवायला जागा कुठे आहे? गल्लीत तोंड घालून गेलात तर पाठीनं बाहेर यायचं, नाहीतर पाठीनं आत जाऊन तोंडानं बाहेर यायचं. दोन्हीत मागे जाणं चुकत नाही.

धारवाडचे एक वकील माझ्याकडे आले होते. बोलणं कोर्टातल्यासारखंच. "मी पुढं जाणारा माणूस आहे. मागं येणं माझ्या स्वभावात नाही," म्हणाले. परीक्षेपुरता रिव्हर्स घोकला आणि विसरले. पुढे कुठे जायचं तर आधी मनात रस्ता आखायचे, मागे यावं लागणार नाही असा. घराजवळच्या दुकानात जायला पार हुबळीजवळच्या उणकलला वळसा घालणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. एकदा भाच्याच्या लग्नाला हुबळीच्या एका गल्लीत शिरले आणि पुढे मांडव. शेवटी वऱ्हाडानं गाडी ढकलत बाहेर काढली. वकीलसाहेब आत स्टिअरिंग धरून दोन्ही बाजूंना नमस्कार करत होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी शाळेत हजर. मी फक्त गिअर मागे टाकायला सांगितलं.

माझी दुसरी सवय बांबूची. शाळेच्या पडवीत बांबू उभे करून ठेवलेत, प्रत्येक जातीच्या गाडीच्या रुंदीएवढा एकेक तोडलेला. नवीन माणूस आला की त्याची गाडी कुठली ते विचारायचं, तो बांबू त्याच्या हातात आडवा द्यायचा आणि त्याला घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चालवत न्यायचं. बांबू गेला तर गाडी जाईल. "मांडव घालायचाय काय अक्का?" असं गल्लीगल्लीतून ऐकून घेतलंय मी. पण जन्म जिथे गेला त्या गल्लीत नळाची तोटी किती बाहेर आलीय, शेजाऱ्याची पायरी किती पुढे सरकलीय, हे माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसतं.

माझी मुलगी हॉलंडमध्ये असते. एकदा फोनवर सांगत होती की तिच्या गावात कुणीतरी अमेरिकेची भलीमोठी पिकअप आणलीय आणि त्यावरून वाद पेटलाय. कालव्याकाठच्या जुन्या रस्त्यावर सायकलवाल्यांनी जायचं कुठून? पार्किंगच्या पट्ट्यात ती मावत नाही, शेपूट बाहेर राहतं. "असल्या गाडीला इथे काही अर्थ आहे का गं, आई?" मी म्हटलं, "अगं, म्हणजे तुमच्याकडेही आमच्या जुन्या हुबळीतल्या कमरीपेठेसारख्या गल्ल्या आहेत तर." दोघी हसलो. आणि पुढे महिनाभरात त्या गाडीची सख्खी बहीण माझ्या शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. दारात म्हणजे, पुढचं चाक दारात आणि मागचं शेजारच्या पिठाच्या गिरणीसमोर.

आतून उतरला तो श्रीकांत. कमरीपेठेतल्या भांड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. घराणं मूळ मिरजेकडचं, पण चार पिढ्या हुबळीत काढलेलं. हा शिकून अमेरिकेत गेला, टेक्सासला राहिला, आणि आता पन्नाशीच्या उंबऱ्यावर परत आला होता. वडील गेलेले, घरी एकटी आई. गाडी त्यानं तिकडून मागवून, स्टिअरिंग उजवीकडे बसवून घेतली होती.

"अक्का, तिकडं हीच चालवत होतो की. पण सगळं डावीकडून. इथं माझ्या डाव्या अंगाला काय आहे तेच कळंना झालंय."

"शिकवीन," मी म्हटलं. "पण खरं सांगू का, श्रीकांत? ही गाडी इथली नव्हे."

तो रागावला नाही. "धारवाडच्या पुढं अळणावरला मळा घेतलाय. रस्ता कच्चा, पावसाळ्यात ओढ्यातनं जावं लागतंय. खत, रोपं, लाकूड, सगळं मागं टाकून न्यायचं. तिथं हीच पाहिजे."

"मग तिथंच ठेव."

"अव्वाला तिकडं न्यायचंय. आणि अव्वा कमरीपेठेत आहे."

अव्वा म्हणजे त्याची आई. अख्खी गल्लीच तिला अव्वा म्हणते. आदल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. गल्लीभर लावलेल्या स्कूटर-सायकलींमुळे रुग्णवाहिका आत येईना. मग चौघांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून, गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. दारादारात लोक उभे राहिले, कुणी हात जोडले, एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. लोकांच्या मनात कळकळच होती. पण शुद्धीवर असलेल्या अव्वानं ते सगळं पाहिलं. ऑपरेशन होऊन परत आल्यावर ती वॉकर धरून जिद्दीनं चालायला शिकली, उंबरा ओलांडून बाहेरच्या दगडी कट्ट्यापर्यंत यायला लागली, आणि एक दिवस तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, "ह्या गल्लीतनं मी आता एकदाच उचलून जाणार. तवा मला कळणार न्हाई. त्याच्या आदी कुणी उचललं तर बगा."

म्हणजे गाडी दारात आली आणि ती आपल्या पायानं चढली, तर अळणावर. नाहीतर ती इथे, दिवसभर सांभाळायला ठेवलेल्या बाईच्या भरवशावर, आणि मुलगा तिकडे. अमेरिका सोडून आला तो आईसाठी, आणि शेवटी मधे उरलं होतं ते गल्लीचं एवढंसं अंतर.

"माझी लहान गाडी जाईल की आत," मी म्हटलं.

"डॉक्टरांनी खाली वाकून बसायला बंदी केलीय. गुडघे वर आले की खुबा निखळायची भीती. रिक्षातही अंग दुमडून चढावं लागतं."

मी म्हटलं, आधी तुझी डावी बाजू तर सापडू दे.

आम्ही धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत जाऊ लागलो. सकाळी तिथले रस्ते रुंद आणि मोकळे. श्रीकांत चालवायचा छान, पण डावीकडे काही आलं की श्वास रोखायचा. त्याच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नव्हता आणि माझा पाय सारखा नसलेल्या ब्रेकवर जात होता. अधूनमधून मीही चालवून पाहिली. खोटं कशाला बोलू, मजा आली. एवढ्या उंचावर बसलं की माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं. अशा गाड्यांचे मालक रस्त्यावर असे का वागतात ते मला त्या दिवशी समजलं.

मग एके दिवशी मी त्या गाडीच्या रुंदीचा नवा बांबू तोडला. पडवीतल्या सगळ्या बांबूंपेक्षा लांब. गल्लीतल्या कट्ट्यांना गाडीचं दार अडेल का ते बघायला दाराच्या तळाची उंचीही सवयीप्रमाणे त्याच बांबूवर खडूनं मारून घेतली, आणि आम्ही कमरीपेठेत गेलो. श्रीकांतनं बांबू मधोमध आडवा धरला, मी मागून दोन्ही टोकं बघत चालले. गल्ली सरळ होती, हे नशीब. अडचण एकाच ठिकाणी, बसण्णा शिंप्याचा कट्टा एका बाजूला आणि विजेचा खांब दुसऱ्या बाजूला. बसण्णा मशीन थांबवून बघत राहिला. बांबू गेला. इकडे चार बोटं, तिकडे चार बोटं.

"गेला की!" श्रीकांतचा चेहरा फुलला.

"गेला," मी म्हटलं. "आरसे मिटून, पाठीनं आत घातली तर गाडी जाईल. पण पुढं काय? तुझ्या गाडीची पायरी केवढी उंच आहे! मला चढताना देव आठवतो. अव्वाला शेवटी उचलूनच ठेवावं लागणार."

घरापाशी पोचल्यावर श्रीकांतनं बांबू माझ्या हातात दिला. त्यानं अळणावरच्या रस्त्याचा विचार केला होता, सीट मागे किती झुकते त्याचा केला होता, पाठीला लावायच्या उशीचासुद्धा केला होता. चढण्याचा केला नव्हता. मला वाईट वाटलं. आपलं "ही गाडी इथली नव्हे" खरं ठरल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं, तो काही झाला नाही.

तेवढ्यात अव्वाच वॉकर टेकत कट्ट्यावर आली. नऊवारी, कपाळावर बुक्क्याचा ठिपका, आवाज खणखणीत.

"कोण ग तू? बांबू घिऊन काय करायलीस आमच्या गल्लीत?"

"अव्वा, ह्या गाडी शिकवणाऱ्या अक्का," श्रीकांत म्हणाला.

"ह्याला येती काय गाडी?"

"पुढं येते. मागं अजून यायचीय," मी म्हटलं.

ती हसली. बोलता बोलता मी बांबू उभा करून कट्ट्याला टेकवला होता. सहज नजर गेली. खडूची खूण कट्ट्याच्या दगडाच्या जरा वर दिसत होती. मी वाकून पाहिलं, बोट लावून पाहिलं. गाडीचं दार कट्ट्यावरून अलगद उघडणार होतं, आणि कट्ट्यावरून गाडीत जायला उरणार होती एक लहानशी पायरी, घरातल्या उंबऱ्याएवढी. वाकायचं नाही, बसकण मारायची नाही. जिच्या उंचीला मी नावं ठेवत होते, ती गाडी अव्वाच्या कट्ट्यासाठीच बेतल्यासारखी होती. शहरात दुसरी कुठलीही गाडी तिला असं घेऊन जाऊ शकली नसती. मी एकटीच हसत सुटले, आणि अव्वानं मुलाकडे बघून "ही बरी हाय न्हवं?" असं विचारलं.

श्रीकांतनं मळ्यातल्या घरापुढेही याच उंचीचा कट्टा बांधून घेतला, आणि दिवस ठरला खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी गाड्यांची पूजा. अव्वाच्या दारात सासऱ्यांच्या बैलगाडीपासून नवऱ्याच्या स्कूटरपर्यंत प्रत्येक वाहनाची पूजा तिच्याच हातची झालेली. तेव्हा ही गाडीही दारात पुजायची आणि त्याच पावली अळणावरला निघायचं, असा तिचा हुकूम होता. श्रीकांतनं रिव्हर्स घेण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली. मैदानात विटा मांडून, खांबाच्या जागी बांबू रोवून मी त्या खोट्या गल्लीत गाडी पुन्हा पुन्हा मागे घेतली होती. आत्मविश्वास होता. खरं तर जरा जास्तच होता.

त्या सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि कपाळावर हात मारला. गाडी सजली होती. पुढे झेंडूच्या माळा, काचेवर गंधाचे पट्टे, आणि दोन्ही बाजूंना आरशांना घट्ट बांधलेली केळीची झाडं. उघडलेल्या हाताएवढ्या जाडीचे बुंधे, वर हिरवी पानं डुलताहेत. खंडेनवमीला हुबळीतली एकूणएक गाडी अशी केळी बांधून फिरते. माझ्या शाळेच्या गाड्याही फिरतात, मीच बांधते. इतके दिवस बोटं मोजत हिंडलो, गल्लीतल्या नळाच्या तोटीपर्यंत सगळं पाहिलं, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात केळ आली नाही.

"कुणी बांधली?"

श्रीकांतचा चुलतभाऊ महेश पुढे आला. कौतुकाच्या अपेक्षेनं आला होता बिचारा. "मी. अळणावरच्या मळ्यातली आहेत. अव्वानंच आणायला लावली. केळ बांधूनच गाडी दारात आली पाहिजे म्हणाली."

"आता गाडी खांबातून जात नाही. आरसेही मिटत नाहीत. सोडा ती."

महेश एक पाऊल मागे सरला. "पूजेआधी बांधलेली केळ सोडायची? अव्वा मला घरात घेणार नाही."

मग सुरू झालं. कुणी म्हणालं खांब थोडा वाकवा. कुणी म्हणालं पूजा इथेच करू. राहुकाळ जवळ येत होता, त्यामुळे जो तो घड्याळ बघत होता. शेवटी महेशच हळू आवाजात म्हणाला, "आम्ही चौघं आहोत. खुर्चीत बसवून आणूया की. दोन मिनिटांचं काम. आनंदाचा दिवस आहे, आज काही बोलणार नाही ती."

"नाही," श्रीकांत म्हणाला. एवढंच. पण असं म्हणाला की त्यानंतर खुर्चीचं नाव कुणी काढलं नाही. मला तो मुलगा त्या क्षणी फार आवडला.

अव्वाला विचारायला जायची मात्र कुणाची छाती होईना. मी गेले. ती नवं लुगडं नेसून कट्ट्यावर पाटावर उभी होती, वॉकर समोर, पूजेचं ताट शेजारी. मी आडवळणानं न जाता सांगितलं, "अव्वा, केळ सोडल्याशिवाय गाडी येत नाही. चुकी माझी, आधी लक्षात आलं नाही. काय करू?"

तिनं गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे ती पर्वताएवढी गाडी हिरवी पानं हलवत उभी होती. मग माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या मामंजींच्या बैलगाडीला बांदलेली केळ बैलांनीच खाल्ली हुती, पूजेच्या आदी. मामंजी रडकुंडीला आले. म्या म्हणलं, बैलांची पूजा, बैलांनी खाल्ली, तुमचं काय गेलं? काय झालं न्हाई बग त्या साली. पीक बी चांगलं आलं." मग आवाज चढवून ओरडली, "मह्या! सोड ती केळ! मागच्या हौद्यात उबी कर. मळ्यातली हाय ती, मळ्याला परत जाऊ दे माझ्यासंगं!"

केळीची झाडं मागच्या मोकळ्या हौद्यात उभी बांधली गेली. इतकी शोभून दिसली की ती तिथेच बांधायची रीत असावी असं वाटलं. गल्लीतल्या सगळ्यांनी स्कूटर आणि सायकली बाहेर काढल्या. बसण्णानं मशीन आत नेलं. मी वर चढले, आरसे मिटले, रिव्हर्स टाकला.

मागचं दाखवायला त्या गाडीत कॅमेऱ्याचा पडदा आहे, पण तो बाजूचं सांगत नाही. उजवीकडे मी खिडकीतून मान बाहेर काढली होती. डावीकडे बसण्णा कट्ट्यावर उभा राहून गाडीच्या अंगावर हळू थाप देत होता आणि कन्नडमध्ये ओरडत होता, "बर्ली... बर्ली... निधान अक्का, निधान... बर्ली..." येऊ दे, हळू, येऊ दे. खांब आला तशी मी मान आत घेतली, आणि तो माझ्या कानाजवळून गेला. त्यावर चिकटवलेली क्लासची जाहिरात मी अक्षर न् अक्षर वाचली, एवढी मी हळू होते. मग "साक!" बसण्णा म्हणाला, पुरे. केळीची पानं कुणाच्या तरी खिडकीला घासून गेली आणि आम्ही पलीकडे होतो. गाडी अव्वाच्या कट्ट्याला जाऊन लागली, नाव घाटाला लागते तशी. एक ओरखडा नाही. मी आयुष्यात पुष्कळ गाड्या मागे घेतल्या, पण त्या दिवशी यांची फार आठवण झाली. त्यांनी बघायला हवं होतं.

चाकांखाली लिंबं ठेवली गेली, पुढे कोहळा फुटला. अव्वानं कट्ट्यावरूनच गाडीच्या दाराला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. मग दार उघडलं. खडूच्या खुणेनं शब्द पाळला, दार कट्ट्याच्या दगडाला न लागता वरून फिरलं. श्रीकांतनं दोन्ही हात पसरले.

"हात नगं," अव्वा म्हणाली.

तिनं आतली मूठ धरली. एक पाय उचलला, आत ठेवला. थांबली. दुसरा ठेवला. आणि सीटवर टेकली, पाट ओढून बसावं इतक्या सहज.  मग बसण्णाच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला आणि सगळे एकदम बोलायला लागले.

ठरलं होतं की पुढे श्रीकांत चालवणार. पण माझ्या बाजूचं दार समोरच्या भिंतीमुळे उघडेना, आणि साडीत या सीटवरून त्या सीटवर उड्या मारायचं माझं वय राहिलं नाही. तेव्हा गल्लीबाहेर मीच काढणार होते. श्रीकांतनं कट्ट्याजवळचा बांबू उचलला, मधोमध आडवा धरला आणि गाडीपुढे चालू लागला. राजाच्या पुढे चोपदार चालतो तसा तो टेक्सासचा इंजिनिअर आपल्या आईपुढे चालत होता. दारादारात लोक उभे होते, मागच्या वर्षीसारखेच. या खेपेला अव्वा त्यांच्या डोक्यावरून बघत होती आणि एकेकाचं नाव घेऊन बोलत होती.

"इतकी वर्सं झाली, ही गल्ली वरनं कदी बगितलीच न्हवती. ए बसण्णा! तुझ्या पत्र्यावर कुणाची चप्पल पडलीया बग!"

गल्लीच्या तोंडाशी मी उतरले, किल्ली श्रीकांतच्या हातात दिली. तो चढणार तेवढ्यात अव्वानं मला हाक मारली.

"अक्का, ह्याला मागं घिता येती काय गाडी? तू घेतलीस तशी?"

"अजून नाही, अव्वा."

"मग शिकीव. दिवाळीला मला हितं यायचंय. पणत्या कोण लावणार दारात?"

श्रीकांत आठवड्यातून दोनदा अळणावरहून येऊ लागला. विटा, बांबू, मैदान. सुरुवातीला इतक्या विटा पाडायचा की आम्ही उचलून उचलून दमायचो. मी एकदाही शाबास म्हटलं नाही, त्याची मला आता रुखरुख लागते. तो चिडला नाही, कंटाळलाही नाही. मधे मुलीचा फोन आला. तिच्या गावातला वाद अजून चाललाच होता. "मग काय ठरलं तुझं, आई? असल्या गाडीला अर्थ आहे की नाही?" मी म्हटलं, "तुझ्या गावचं मला काय माहीत? त्या माणसाच्या घरी कोण चढणार आहे आणि कुठून, ते विचार आधी. कुणीच नसेल तर मग खुशाल भांडा." तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. बाजारात एकटा माणूस तसली गाडी आडवी लावून कोथिंबीर घेताना दिसला की मला अजूनही राग येतो, तो काही गेला नाही.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी मी कमरीपेठेत गेले ती बसण्णाच्या कट्ट्यावर नुसती बसायला. बांबू सोबत नेला नव्हता. श्रीकांतनं आरसे मिटले, खिडकीतून मान काढली आणि गाडी आत घेतली. खांबाशी थांबला, जरा पुढे झाला, पुन्हा घेतली. माझा उजवा पाय तेवढा वेळ बसण्णाच्या कट्ट्याचा दगड दाबत होता. मग गाडी माझ्यासमोरून गेली आणि घराच्या कट्ट्याला लागली.

दार उघडलं. शेजारणी पुढे धावल्या, महेश धावला, श्रीकांतचा हात तर आतून आपोआप पुढे आला होता. अव्वानं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, कट्ट्यावर पाय टेकवला आणि म्हणाली, "सरा तिकडं. घर माझं हाय, मला म्हाईत हाय कसं यायचं."